ऑडिओ इंटरफेस आणि ध्वनिमिश्रण : एक प्रस्तावना

संगणकावर ध्वनिमुद्रण आणि ध्वनिमिश्रण करणाऱ्याच्या टेबलावर एक लहानशी पेटी हमखास आढळते. पुढच्या बाजूस माइक आणि गिटार जोडण्याची सॉकेटे, दोन-तीन नॉब, मागे स्पीकरकडे जाणाऱ्या केबली आणि संगणकाला जोडणारी यूएसबी केबल असे तिचे रूप असते. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात, जरी बाजारात आणि स्टुडिओत ती ‘साउंड कार्ड’ या जुन्या नावानेच अधिक ओळखली जाते. तिचे काम दुहेरी आहे. माइकमधून येणारा, सतत बदलणारा विद्युत्-दाब ठरावीक अंतराने मोजून त्याचे आकडे करणे हे पहिले काम, आणि संगणकाने परत दिलेल्या आकड्यांचा पुन्हा विद्युत्-दाब करून तो स्पीकरकडे वा हेडफोनकडे धाडणे हे दुसरे. पहिले काम करणाऱ्या भागास अ‍ॅनालॉग-डिजिटल परिवर्तक आणि दुसरे करणाऱ्यास डिजिटल-अ‍ॅनालॉग परिवर्तक असे नाव आहे. खरेदीच्या वेळी गिऱ्हाइकाचे सगळे लक्ष पहिल्याकडे, म्हणजे किती माइक जोडता येतील आणि प्रीअ‍ॅम्प कसा आहे याकडे असते. मिश्रणाला बसल्यावर मात्र कामाला येतो तो बहुतांशी दुसराच.

मिश्रण पुरे झाल्यावर सॉफ्टवेअर अंतिम फाइल तयार करते, ज्या क्रियेला कोणी एक्सपोर्ट तर कोणी बाउन्स म्हणतात, तेव्हा ती फाइल इंटरफेसमधून जातच नाही. सगळ्या ट्रॅकांचे आकडे, त्यांवरच्या फेडरचे गुणाकार, इक्वलायझर आणि कॉम्प्रेसर यांची गणिते आणि शेवटची बेरीज ही सारी क्रिया संगणकाच्या प्रोसेसरमध्ये पार पडते, आणि म्हणूनच दहा मिनिटांची बंदिश मिनिटभरातही फाइलबंद होऊ शकते. याचा पडताळा कोणासही घेता येतो : एकच प्रकल्प आधी महागड्या इंटरफेससह आणि मग तो काढून टाकून एक्सपोर्ट करावा, दोन्ही फाइली नव्या प्रकल्पात एकाखाली एक नेमक्या जुळवाव्यात आणि एकीची ध्रुवता उलटवावी, प्लग-इनांपैकी एखादे मुद्दाम यदृच्छ बदल घडवणारे नसेल, तर दोहोंची बेरीज शून्य येते, म्हणजेच दोन्ही फाइली आकड्यागणिक एक असतात. तरीही तबला किती पुढे ठेवायचा, गायकाच्या आवाजातला कोणता भाग कमी करायचा, रिव्हर्ब कुठे थांबवायचा यांतला एकेक निर्णय त्या पेटीच्या दुसऱ्या टोकाला जे ऐकू आले त्यावरूनच घेतलेला असतो. चितारी ज्या चष्म्यातून पाहतो त्याच्या काचेचा रंग चित्राला लागत नाही, पण चित्रातले रंग ठरतात ते त्याच काचेतून पाहून. मिश्रणातील इंटरफेसचे स्थान असे आहे, आणि या विषयातील बरेचसे गैरसमज, तसेच बराचसा वायफळ खर्च, हे स्थान ध्यानात न घेतल्यामुळे उद्भवतो.

मुद्रण आणि मिश्रण ही दोन कामे निराळी मानण्याची सवय तशी फार जुनी नाही. १९०२ साली ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित करत होता तेव्हा माइक नव्हता, विजेचा वापर नव्हता, होता तो केवळ एक कर्णा, आणि गायक कर्ण्याच्या किती जवळ व साथीदार किती मागे बसतील यावरच समतोल ठरत असे. मिश्रण म्हणायचेच झाले तर ते जागेवर बसवण्यात होते. १९२५ नंतर विद्युत्-मुद्रण आले, माइकांची संख्या वाढू शकली आणि त्यांचे आवाज मिक्सरवर एकत्र करता येऊ लागले, तरी ही जुळवणी प्रत्यक्ष गाणे चालू असतानाच करावी लागे. ताडदेवच्या फेमस स्टुडिओत किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत गायक, वादकांचा ताफा आणि तालवाद्ये एकाच वेळी वाजत आणि रेकॉर्डिस्ट त्याच क्षणी फेडर हलवत असे, त्या काळच्या चित्रपटगीतांत ऐकू येणारा समतोल हा नंतर बसून केलेल्या विचाराचा नव्हे, तर तालमींचा आणि त्या हातांचा आहे. मुद्रण संपले की मिश्रणही संपलेले असे, आणि एखादे व्हायोलिन चुकले तर सगळ्यांनाच पुन्हा वाजवावे लागे.

ही सांगड तोडली ती अनेक ट्रॅकांच्या टेपयंत्राने. अमेरिकेतील गिटारवादक लेस पॉल याच्यासाठी अँपेक्स कंपनीने १९५७ साली आठ ट्रॅकांचे यंत्र पुरवले, आणि त्यात एक युक्ती होती जिचा उल्लेख आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. टेपयंत्रात मुद्रण करणारे हेड आणि ऐकवणारे हेड एकमेकांपासून काही अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळे आधी मुद्रित केलेला ट्रॅक ऐकत नवा ट्रॅक वाजवला, तर वादक जे ऐकतो ते मुद्रणाच्या जागेपासून पुढे सरकलेल्या टेपवरचे असते आणि नवा ट्रॅक जुन्याच्या मागे पडतो. अँपेक्सने मुद्रण करणाऱ्या हेडलाच निवडक ट्रॅक ऐकवण्याचेही काम दिले आणि दोन्ही एका रेषेत आणले. संगणकावरील मुद्रणात लेटन्सी (आवाज उशिरा ऐकू येणे) म्हणून जी अडचण सांगितली जाते तिचे मूळ रूप हेच आहे. टेपवरचे अंतर जाऊन त्या जागी स्मृतीतला साठा आला, एवढाच फरक.

डिजिटल रूपातले मुद्रण प्रयोगशाळा सोडून सामान्य संगणकावर येण्याचा काळ म्हणजे १९८० च्या दशकाची अखेर. कॅलिफोर्नियातील डिजिडिझाइन कंपनीने १९८९ मध्ये साउंड टूल्स ही मॅकिंटॉशवरची दोन ट्रॅकांची संपादनव्यवस्था आणली आणि १९९१ मध्ये तिचेच पुढचे रूप प्रो टूल्स या नावाने बाजारात आले; हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीचे क्यूबेस १९८९ मध्ये अटारी संगणकावर आले तेव्हा ते ध्वनी मुद्रित करत नव्हते, वाद्यांना दिलेल्या मिडी आज्ञा तेवढ्या जपत होते. पण याच कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी हा प्लग-इनांचा साचा आणि त्यापाठोपाठ १९९७ मध्ये आसिओ ही ड्रायव्हरची पद्धत प्रसिद्ध केली, आणि इतर उत्पादकांनाही ती वापरू दिली. ड्रायव्हर म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली आणि बाहेरचे उपकरण यांच्यातील दुभाषी सॉफ्टवेअर. आसिओने विंडोजची सर्वसाधारण ध्वनिव्यवस्था, जी सगळ्या प्रोग्रॅमांचे आवाज एकत्र कालवून मगच पुढे पाठवत असे, ती बाजूस सारून मुद्रणाच्या सॉफ्टवेअरची इंटरफेसशी थेट गाठ घालून दिली. मॅकवर कोअर ऑडिओ हेच काम मुळातूनच करते, त्यामुळे तिथे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. विंडोजवर मात्र उत्पादकाचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर आहे की नाही, आणि नव्या आवृत्त्यांसाठी तो अद्ययावत होत राहतो की नाही, ही चौकशी प्रीअ‍ॅम्पच्या कौतुकापेक्षा आधी करण्याजोगी आहे.

इंटरफेसच्या प्रवेशाच्या बाजूचा विचार येथे थोडक्यातच करावयाचा, पण तो टाळता येत नाही, कारण मिश्रणात जे दुरुस्त होत नाही ते बहुतेक इथेच बिघडलेले असते. प्रीअ‍ॅम्प माइकचा अत्यंत क्षीण संकेत परिवर्तकाला मोजता येईल इतका मोठा करतो, आणि किती मोठा करायचा हे गेनच्या नॉबने ठरते. परिवर्तकाला एक वरची मर्यादा असते, तिला शून्य डेसिबल पूर्णमान धरून बाकीची पातळी उणे आकड्यांत सांगतात. संकेत या मर्यादेवर आदळला की तरंगाचा माथा कापला जातो, आवाज फाटतो, आणि कापलेला भाग पुढे कोणत्याही प्लग-इनने खऱ्या अर्थाने परत मिळत नाही. सोळा बिटांच्या काळात संकेत शक्य तितका वर ठेवण्याला अर्थ होता, कारण प्रत्येक बिटामागे सुमारे सहा डेसिबलचा पल्ला मिळतो आणि सोळा बिटांत तो ९६ डेसिबलच भरतो. चोवीस बिटांत हा हिशेबी पल्ला १४४ डेसिबलवर जातो, म्हणजे सर्वांत मोठा क्षणही उणे बारा डेसिबलवर ठेवून दोन बिट वाया घालवले, तरी उरलेला पल्ला परिवर्तकाच्या प्रत्यक्ष क्षमतेहून मोठाच राहतो. ख्यालगायकाच्या मंद्र सप्तकातील आलाप आणि तार सप्तकातील तान यांच्या पातळीत सहज वीस डेसिबलचे अंतर पडू शकते, आणि गेन आलाप ऐकून लावला तर तान फाटणार हे निश्चित. म्हणून साउंड चेकला गायकाकडून तान घ्यावी, आलाप नव्हे. गेन खाली ठेवल्याने आवाजात सूं-सूं येईल ही भीती घरगुती मुद्रणात बहुधा निराधार असते, कारण तिथला सर्वांत मोठा गोंगाट परिवर्तकाचा नसून छतावरच्या पंख्याचा असतो.

दुसरी न उलटणारी गोष्ट म्हणजे एका माइकमध्ये शिरलेला दुसऱ्या वाद्याचा आवाज. आपल्याकडील मैफलीचे मुद्रण एका खोलीत, समोरासमोर बसून होते, आणि ते तसेच व्हावे हे योग्यही आहे, कारण सम एकमेकांच्या नजरेत गाठली जाते, हेडफोनमध्ये नाही. पण त्यामुळे गायकाच्या माइकमध्ये तबला आणि हार्मोनियम दोन्ही उतरतात. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. तबल्याच्या स्वतःच्या माइकपेक्षा गायकाचा माइक तबल्यापासून ६८ सेंटिमीटर अधिक दूर असेल, तर तोच ठोका दुसऱ्या ट्रॅकवर दोन मिलिसेकंद उशिरा उमटतो, आणि दोन्ही ट्रॅक एकत्र केले की २५०, ७५० आणि १२५० हर्ट्झ अशा ठरावीक कंपनसंख्यांवर दोन तरंग परस्परविरुद्ध पडून एकमेकांना कमी करतात. ऐकणाऱ्याला तबला पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटतो. नवखा मिश्रणकार इक्वलायझर उघडून तिथे तीनशे हर्ट्झ वाढवू लागतो आणि दोष तसाच राहतो, कारण तो स्वरवर्णाचा नव्हताच, वेळेचा होता. माइकांमधले अंतर माइक आणि वाद्य यांमधल्या अंतराच्या किमान तिप्पट असावे हा स्थूल नियम, आणि मिश्रणात एखादा ट्रॅक काही नमुने पुढे-मागे सरकवण्याची युक्ती, या दोहोंचा उपयोग याच ठिकाणी होतो. मात्र तबल्याचा ट्रॅक असा सरकवला की त्यातले हार्मोनियम आणि गाणे यांची वेळही सरकते, ही गोष्ट अशा युक्त्या शिकवणारे क्वचितच सांगतात.

नमुना म्हणजे सॅम्पल, संकेताचे एका क्षणी घेतलेले माप, आणि सेकंदाला किती मापे घ्यायची तो नमुनादर. बेल प्रयोगशाळेतील हॅरी नायक्विस्ट याने १९२८ मध्ये आणि पुढे क्लॉड शॅनन याने १९४९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, जेवढी सर्वोच्च कंपनसंख्या जपायची तिच्या दुपटीहून अधिक नमुनादर असल्यास मधले काहीही हरवत नाही. दोन नमुन्यांमधला तरंग पुसट होतो, पायऱ्यापायऱ्यांचा होतो, ही समजूत चुकीची आहे, कारण परिवर्तकातील गाळणी तो पुन्हा अखंड उभा करते. माणसाचा कान तरुण वयातही साधारण वीस हजार हर्ट्झपलीकडे ऐकत नाही, म्हणून १९८२ मध्ये आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कचा ४४,१०० हा दर पुरेसा ठरला. तो चमत्कारिक आकडा आला मात्र कानाच्या हिशेबातून नव्हे, तर डिजिटल ध्वनी साठवण्यासाठी त्या वेळी वापरल्या जाणाऱ्या व्हिडिओ टेपवरून : एका रेषेत तीन नमुने, अमेरिकी पद्धतीत २४५ रेषा आणि सेकंदाला ६० क्षेत्रे, किंवा युरोपीय पद्धतीत २९४ रेषा आणि ५० क्षेत्रे, कसाही गुणाकार केला तरी उत्तर तेच येते. चित्रफितीसोबत जाणाऱ्या ध्वनीसाठी ४८,००० हा दर रूढ आहे. याच्या चौपट दराने, म्हणजे १,९२,००० वर मुद्रण केल्याने तंबोऱ्याची जवारी अधिक खुलते असा दावा कानावर येतो. तो सिद्धान्तात बसत नाही, फाइलींचा आकार मात्र चौपट होतो आणि प्रोसेसरवरचा भारही त्याच मापाने वाढतो.

लेटन्सीचा प्रश्न मात्र खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे, कारण मुद्रण आणि मिश्रण यांच्या गरजा इथे थेट एकमेकींच्या विरुद्ध जातात. संगणक एकेक नमुना आला तसा हाताळत नाही. काही नमुने साठू देतो आणि मग तो गठ्ठा एकदम घेतो, कारण मधल्या वेळात त्याला पडदा रंगवणे, डिस्क वाचणे अशी इतर कामेही करायची असतात. या साठ्याला बफर म्हणतात. ४८,००० च्या दराने १२८ नमुन्यांचा बफर भरायला सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात, १०२४ नमुन्यांचा भरायला २१.३. आत येताना एक बफर, बाहेर जाताना दुसरा, शिवाय परिवर्तकांचा आणि यूएसबीचा थोडा वेळ, असे मिळून १०२४ वर जाण्यायेण्याचा उशीर ४५ मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरतो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा पाव सेकंदाची असते आणि चौपटीतला एक बोल साडेबासष्ट मिलिसेकंदांचा. म्हणजे हेडफोनमध्ये स्वतःचा तबला संगणकामार्फत ऐकत वाजवणाऱ्याला आपलाच बोल जवळजवळ पाऊण बोलाने मागे ऐकू येईल, आणि असा कोणी वाजवू शकणार नाही. गायकाची अडचण आणखी सूक्ष्म आहे. त्याला स्वतःचा आवाज हाडांमधून तत्क्षणी ऐकू येतोच, त्यावर पाच-सात मिलिसेकंदांनी हेडफोनमधला आवाज येऊन पडला की उशीर असा जाणवत नाही, पण दोन माइकांच्या बाबतीत वर सांगितलेली परस्परविरुद्ध तरंगांची गडबड त्याच्या कानातच घडते. आवाज पातळ वाटू लागतो आणि गायक नकळत जोर लावतो. यावर इंटरफेसमध्येच दिलेला उपाय म्हणजे डायरेक्ट मॉनिटरिंग, ज्यात माइकचा संकेत संगणकातून फिरून न येता पेटीतूनच हेडफोनकडे वळतो. त्याच वेळी सॉफ्टवेअरमधले त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद केले नाही तर दोन्ही आवाज मिळून ऐकू येतात, आणि ‘साउंड कार्ड खराब आहे’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा दोष एवढाच निघतो.

मिश्रणाच्या वेळी कोणी गात नसते, वाजवत नसते. म्हणून तेव्हा बफर मोठा करावा, १०२४ किंवा २०४८, आणि प्रोसेसरला श्वास घेऊ द्यावा. प्ले दाबल्यावर आवाज एक-दोनदा पापणी लवेपर्यंत उशिरा आला तर काहीच बिघडत नाही. लहान बफरवर वीस-पंचवीस ट्रॅक आणि त्यांवरची प्लग-इने चालवण्याचा अट्टाहास केला, तर एखादा गठ्ठा वेळेत तयार होत नाही आणि कट्-कट् असे आवाज येतात, जे फाइलमध्ये नसतात, केवळ ऐकताना येतात. नवशिका ते ट्रॅकमध्ये शोधत बसतो. काही प्लग-इने, विशेषतः येणारा तरंग आधी पाहून मग पातळी आवरणारे लिमिटर आणि कालसंबंध न बिघडवणारे रेखीय इक्वलायझर, स्वतःच हजारो नमुन्यांचा उशीर लावतात. सॉफ्टवेअर बाकीच्या ट्रॅकांना तेवढेच थांबवून सर्वांना एका रेषेत आणते, या सोयीला विलंब-भरपाई म्हणतात, आणि प्रो टूल्स, क्यूबेस, लॉजिक, रीपर, आर्डर या सर्वांत ती आज आहे.

एका प्रसंगी मात्र मिश्रणातही आवाज इंटरफेसमधून खरोखर बाहेर जाऊन परत येतो : बाहेरचा एखादा खराखुरा कॉम्प्रेसर किंवा रिव्हर्ब वापरायचा असेल तेव्हा. इंटरफेसच्या रिकाम्या आउटपुटमधून ट्रॅक त्या यंत्राकडे पाठवायचा आणि इनपुटमधून परत घ्यायचा, यात वाटेवरचा उशीर नेमका मोजावा लागतो, आणि तो मोजण्याची रीत साधी आहे. आउटपुट आणि इनपुट एका केबलने थेट जोडावे, एका ट्रॅकवर एकच टक् असा आवाज ठेवून तो वाजवत दुसऱ्या ट्रॅकवर मुद्रित करावा, मग दोन्ही ट्रॅक एकेक नमुना वेगळा दिसेपर्यंत मोठे करून दोन माथ्यांमधले नमुने मोजावेत. ड्रायव्हरने सॉफ्टवेअरला कळवलेला उशीर खरा असेल तर अंतर शून्य निघते. ते तसे न निघाल्यास जो आकडा येईल तो सॉफ्टवेअरमधील मुद्रणाच्या दुरुस्तीत भरायचा असतो. अनेक ड्रायव्हर काही डझन नमुन्यांनी चुकतात, आणि ही चूक एका वाद्यात कळत नाही, पण बाहेरून आणलेला आणि मूळचा असे एकाच आवाजाचे दोन ट्रॅक सोबत वाजवले की लगेच पोकळपणा येतो.

सॉफ्टवेअरच्या आतल्या अंकगणिताविषयी एक गोष्ट माहीत असली की लाल दिव्यांची निम्मी धास्ती जाते. आजची सॉफ्टवेअरे किमान ३२ बिटांच्या तरत्या दशांशचिन्हाच्या पद्धतीने हिशेब करतात, जिचा पल्ला हजार डेसिबलहूनही अधिक आहे. म्हणून मधल्या एखाद्या ट्रॅकचा मीटर लाल झाला आणि पुढे मास्टरचा फेडर खाली ओढला, तर काहीही कापले जात नाही. प्लग-इने मात्र अपवाद ठरू शकतात, कारण जुन्या अ‍ॅनालॉग यंत्रांची नक्कल करणारी बरीचशी प्लग-इने ठरावीक पातळीच्या, साधारण उणे अठरा डेसिबलच्या, सरासरीवर बेतलेली असतात. खरी मर्यादा पुन्हा परिवर्तकाशी येते, तिथे आकडे स्थिर दशांशाचे होतात आणि शून्याच्या वरचे सारे कापले जाते. इतकेच नव्हे, तर प्रत्येक नमुना शून्याच्या आत असूनही दोन नमुन्यांमधून उभा राहणारा अखंड तरंग शून्याच्या वर जाऊ शकतो; मिश्रणकाराच्या चांगल्या इंटरफेसमध्ये ते निभावते आणि श्रोत्याच्या स्वस्त फोनमध्ये निभावत नाही, म्हणून अंतिम फाइलमध्ये एक डेसिबलची मोकळीक ठेवण्याचा प्रघात पडला.

ऐकण्याच्या बाजूची पहिली अडचण अनेकदा क्षुल्लक असते : लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमध्ये गुणगुण सुरू होते आणि काढला की जाते. ही जमिनीच्या, म्हणजे अर्थिंगच्या, दोन वाटा जुळल्याने होते, आणि इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड केबल वापरल्यास बहुधा थांबते. अशा केबलमध्ये एकच संकेत दोन तारांतून परस्परविरुद्ध ध्रुवतेने जातो आणि स्पीकरमध्ये त्यांची वजाबाकी होते, त्यामुळे वाटेत दोन्ही तारांवर सारखाच चढलेला गोंगाट आपोआप रद्द होतो.

मोठी अडचण खोलीची आहे. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकणाऱ्या तरंगांची पहिली कंपनसंख्या अनुक्रमे सुमारे ५६ आणि ४७ हर्ट्झ येते, आणि त्यांच्या पटींवरही तसेच घडते. खोलीत एका जागी डग्ग्याचा घुमारा दुप्पट ऐकू येतो आणि दोन हात सरकले की तो जवळजवळ नाहीसा होतो. अशा खोलीच्या मधोमध बसून कोणी डग्गा वाढवत नेला तर दोष कानांचा नाही आणि इंटरफेसचा तर मुळीच नाही. परिवर्तकांच्या दोन पिढ्यांमधला फरक डेसिबलच्या अंशांत मोजावा लागतो, खोलीने केलेला बिघाड दहा-वीस डेसिबलचा असतो. तरीही खर्च पहिल्यावर होतो, कारण परिवर्तक खोक्यात घालून विकता येतो, कोपऱ्यात रचलेला काचलोकरीचा जाड थर विकता येत नाही. हेडफोनवर मिश्रण करणाऱ्याला खोली आड येत नाही, पण डावा आवाज फक्त डाव्याच कानात जातो, त्यामुळे पॅनिंग, म्हणजे डावी-उजवीकडची मांडणी, अतिरंजित वाटते आणि तंबोरे जिथे ठेवायचे त्याहून मध्याकडे ओढले जातात.

ऐकण्याच्या पातळीचा मुद्दा फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवला : आवाज लहान असताना कान खालच्या कंपनसंख्या फार कमी ऐकतो आणि आवाज मोठा केल्यावर त्या भरून येतात. म्हणून मोठ्याने ऐकत केलेले मिश्रण हळू लावले की उघडे पडते, आणि रात्री शेजाऱ्यांच्या भीतीने हळू ऐकत केलेले मिश्रण सभागृहात घुमते. व्यावसायिक स्टुडिओत ठरावीक पातळी ध्वनिमापकाने लावून नॉबवर खूण केलेली असते. घरी इंटरफेसच्या मॉनिटर नॉबला मार्करने एक रेघ ओढली आणि काम सुरू असेपर्यंत नॉब तिथून हलवला नाही, तरी बरेच साधते.

राहिला प्रश्न आपल्या वाद्यांचा. सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या सुमारास आणि पुढे १९३४ मध्ये आपल्या चर्मवाद्यांवर केलेले काम मिश्रणकारांनी वाचले असते तर कदाचित तबल्याला ड्रमसेटसारखे वागवण्याची सवय लागली नसती. शाईमुळे तबल्याच्या पुडीवरचे स्वरक, म्हणजे मूळ स्वराच्या वर उमटणारे उपस्वर, एकमेकांशी जवळजवळ पूर्ण पटीत येतात, त्यामुळे तबल्याला ओळखता येईल असा स्वर असतो आणि तो षड्जाला मिळवता येतो; याचा दुसरा अर्थ असा, की तबल्याचे स्वरक आणि त्याच षड्जावर गाणाऱ्याचे स्वरक एकाच जागी येऊन बसतात. तिथे इक्वलायझरने जागा करून देण्याचा पाश्चात्त्य हमखास उपाय केला, तर तबल्याचा स्वरच बिघडतो. तंबोऱ्याचे उलटे आहे : जवारीच्या दोऱ्यामुळे तारेतून वरच्या स्वरकांचा जो दाट वर्षाव होतो तो फार बारीक असतो, आणि गोंगाट कमी करणारे प्लग-इन त्यालाच गोंगाट समजून खाऊन टाकते. पंख्याचा आवाज काढण्यासाठी असे प्लग-इन लावायचेच झाले, तर ते तंबोऱ्याच्या ट्रॅकवर लावू नये.

शेवटी फाइल जिथे ऐकली जाणार तिथले नियम येतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये ध्वनीची जाणवणारी मोठाई मोजण्याचे प्रमाण ठरवले आणि युरोपीय प्रसारकांनी २०१० मध्ये ते आपल्या नियमात बसवले. आज स्ट्रीमिंग सेवा त्याच मापाने गाण्यांची पातळी जुळवून घेतात, स्पॉटिफाय साधारण उणे चौदा हे लक्ष्य धरते. लिमिटर दाबून त्याहून खूप मोठे केलेले मिश्रण तिथे परत खाली आणले जाते, पण दाबण्यात हरवलेला तानेचा उठाव परत येत नाही. आणि मराठी श्रोत्यांपैकी फार मोठा वर्ग हे सारे फोनच्या स्पीकरवर ऐकतो, ज्याला तीनशे हर्ट्झखालचे फारसे काही वाजवताच येत नाही. डग्गा तिथे नाहीसा होत नाही तो एवढ्याचमुळे, की मूळ स्वर गैरहजर असला तरी वरचे स्वरक हजर असल्यास कान तो स्वर स्वतःच भरून घेतो. म्हणून फोनपर्यंतही पोहोचणाऱ्या मिश्रणात डग्ग्याची खालची पट्टी वाढवण्याऐवजी पुडीवर तळहात घासताना निघणारा, तीनशे ते सातशे हर्ट्झमधला भाग राखला जातो, आणि तो राखला गेला की नाही हे इंटरफेसच्या मॉनिटर आउटपुटवर एक लहान, स्वस्त, एकच स्पीकर जोडून पाहता येते.